फ्रिदाच्या बेटावरचा गरुड

होल्मफ्रिदुरला पक्षी आवडत नसत. हे ती कोणी न विचारता सांगायची. चाळीस वर्षं बदकांच्या पिसांवर घर चालवलेल्या बाईच्या तोंडी हे शोभतं का, असं कोणी म्हटलंच, तर ती उलट विचारायची, "कारखान्यात दिवसभर कोळंबी सोलणाऱ्या बायकांना रात्री जेवायला कोळंबी हवी असते का?"

सगळे तिला फ्रिदा म्हणत. ती मूळची आकुरेरी गावातली, बूट शिवणाऱ्याची मुलगी. बाविसाव्या वर्षी थोर्गिल्सशी लग्न करून ती ब्रेदाफ्योर्दुर खाडीच्या काठावर हामार नावाच्या शेतावर राहायला आली. हामारला चाळीस मेंढ्या होत्या, गवताची तीन कुरणं होती आणि समोर समुद्रात, होडीने वीस मिनिटांवर, स्वार्ते नावाचं बेट होतं. बेटावर माणसाची वस्ती नव्हती. दक्षिण टोकाला जुन्या कोळ्यांच्या झोपडीच्या चार पडक्या भिंती होत्या, उत्तरेला काळा कडा आणि मध्ये गवत. दर मे महिन्यात त्या गवतात आयडर बदकांच्या हजारभर माद्या अंडी घालायला यायच्या. छातीवरची मऊ लव उपटून त्या घरट्यात पसरायच्या, आणि त्या लवेच्या रजया जगात सगळ्यात महाग विकल्या जायच्या. थोर्गिल्सच्या घरी सहा पिढ्या हाच धंदा होता.

लग्नानंतरच्या पहिल्या वसंतातच फ्रिदाला कळलं की आपण फसलो. बेटावर पाय ठेवल्या ठेवल्या सुरय पक्ष्यांची एक टोळी तिच्या डोक्यावर आली आणि त्यांनी चोची मारून मारून तिच्या भांगात रक्त काढलं. थोर्गिल्स हसत म्हणाला, "टोपीत काठी खोच. ते सगळ्यात उंच जागी टोचतात."

"हे मला होडीत बसायच्या आधी सांगता आलं नाही?"

"आधी सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

मग बदकं. घरट्यावर बसलेली मादी हलत नाही, हाताने उचलून बाजूला ठेवली तरी चालते, असं तिला सांगितलं होतं. चालतं ते थोर्गिल्सला चालायचं. फ्रिदा जवळ गेली की बदक दचकायचं, उडताना अंड्यांवर हिरवी घाण टाकून जायचं, आणि ती घाण हातावरून आठवडाभर जायची नाही. थोर्गिल्सने माद्यांसाठी दगडांच्या लहान लहान खोल्या बांधल्या होत्या, वाऱ्याकडे पाठ करून, वर चपटा दगड ठेवून. त्यात एकही मादी बसायची नाही. त्या पायवाटेच्या मधोमध बसायच्या, ओल्या दोरखंडाच्या वेटोळ्यात बसायच्या, आणि एकदा तर फ्रिदाने खाली ठेवलेल्या जेवणाच्या टोपलीत, सुक्या माशावर एक मादी ठाण मांडून बसली. थोर्गिल्सने तिला उठवू दिलं नाही. तो दिवस दोघांनी उपाशी काढला.

"तुला माझ्यापेक्षा ती बदकं जवळची," फ्रिदा म्हणायची.

"ती वर्षातून सहा आठवडेच असतात," तो म्हणायचा. "तेवढं चालवून घे."

तिने चालवून घेतलं. तक्रार करत, बडबडत, पण घेतलं. पहाटे उठून गवत वाळवलं, ओल्या घरट्यांत कोरडं गवत घातलं, पिल्लं उचलणाऱ्या काळ्या पाठीच्या कुरव पक्ष्यांना दगड मारले, हिवाळाभर शेडमध्ये बसून लवेतल्या काड्या आणि वाळकी शेवाळं काढली. एक मुलगी झाली, राग्ना. ती मोठी होऊन रेक्याविकला दातांची डॉक्टर झाली, आणि टाळता येईल तो प्रत्येक वसंत तिने टाळला.

थोर्गिल्स एका एप्रिलमध्ये गेला, कोठारात, उभ्या उभ्या. त्याला पुरलं त्याला तीन आठवडे झाले नव्हते तोच बदकं आली. फ्रिदा स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. समुद्रावर त्यांचा काळा-पांढरा तांडा बघून ती म्हणाली, "यांना कोणी कळवलं नाही वाटतं." मग तिने रबरी बूट घातले. राग्नाने फोनवर सांगून पाहिलं की आता सोडून दे, बेट कोणालातरी भाड्याने दे. फ्रिदा म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू." त्यानंतर चार वर्षं ती पुढच्या वर्षी बघत होती.

घरात आता ती आणि तिचा दीर एविंदुर असे दोघंच. एविंदुर थोर्गिल्सपेक्षा तीन वर्षांनी मोठा, बिनलग्नाचा, आणि न बोलणारा. तपकीर ओढायची, होडीचं इंजिन दुरुस्त करायचं आणि खिडकीतून समुद्राकडे बघायचं, एवढं तो करायचा. फ्रिदा त्याच्या वाटचंही बोलून घ्यायची. "त्याच्याशी भांडायचं म्हणजे भिंतीवर ओल्या चिंध्या फेकायच्या," असं ती शेजारणींना सांगायची, त्याच्या देखत.

ब्याण्णव सालच्या मार्चमध्ये एविंदुर नेहमीपेक्षा जास्त वेळ खिडकीत बसू लागला. दुर्बीण डोळ्यांना, कॉफी गार. शनिवारी फ्रिदाने दुर्बीण त्याच्या हातून ओढून घेतली आणि स्वतः बघितलं. स्वार्तेच्या उत्तर कड्यावर दाराच्या फळीएवढे पंख पसरून एक पक्षी उतरत होता. त्याच्या पायात भलं मोठं फाटं होतं.

"हा समुद्रगरुड आहे," ती म्हणाली.

एविंदुरने मान हलवली.

"घरटं बांधतोय! तुला कधी दिसला?"

"मंगळवारी."

"मंगळवारी! आज शनिवार आहे, एविंदुर!"

"मला वाटलं जाईल."

फ्रिदा खुर्चीत बसली. समुद्रगरुड म्हणजे काय, हे त्या किनाऱ्यावर कोणाला सांगावं लागत नसे. एके काळी सगळ्या देशात त्यांची जेमतेम वीस जोडपी उरली होती, म्हणून कायदा कडक होता. मार्चच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत घरट्यापासून पाचशे मीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही. स्वार्ते टोकापासून टोकापर्यंत अकराशे मीटर. म्हणजे अर्धं बेट गेलं, आणि नेमकं ते अर्धं, ज्यातल्या खळग्यात सगळ्यात जास्त घरटी असायची. शिवाय गरुड खातो काय? बदकं.

"कुठलाही कडा चालला असता," ती म्हणाली. "शेकडो बेटं पडली आहेत. पण नाही. यांना माझंच हवं."

सरकारच्या वन्यजीव खात्यातून पक्ष्यांचा अभ्यास करणारा माणूस आला. ह्याल्ती त्याचं नाव, चाळिशीचा, दाढीवाला, आनंदाने नुसता फुललेला. फ्रिदाच्या टेबलावर नकाशा पसरून त्याने पेन्सिलीने गोल काढला.

"शंभर वर्षांत या बेटावर पहिलं घरटं!" तो म्हणाला. "तुला अभिमान वाटायला हवा."

"मला डोकेदुखी वाटतेय," फ्रिदा म्हणाली. "आणि माझ्या सहाशे घरट्यांचं काय?"

"दक्षिणेकडे तू जा की. तिकडे काहीच अडचण नाही."

"बदकांना सांगशील का तू, दक्षिणेकडे जा म्हणून? माझं तर चाळीस वर्षांत एकदाही ऐकलं नाही त्यांनी."

ह्याल्ती हसला. त्याला वाटलं ती विनोद करतेय.

दोन दिवसांनी केतिल आला. खाडीपलीकडच्या शेतावरचा केतिल, आयडरवाल्यांच्या मंडळाचा प्रमुख, गोड बोलणारा माणूस. त्याने तळलेल्या गोड पिळ्यांची बशी अर्धी संपवली, हवेबद्दल बोलला, मेंढ्यांबद्दल बोलला, आणि मग बशीकडे बघत म्हणाला, "माझ्या आजोबांच्या वेळी लोक फार बावळट होते हं. घरट्याच्या जागी एप्रिलमध्ये शेकोटी पेटवायचे. थोडं डांबर, थोडं रॉकेल. गरुडाला वास सोसत नाही म्हणे. दुसरीकडे जायचा. अंडी नसायची, काही नसायचं. कोणाचं काही नुकसान नाही."

"तू मला काय सांगतोयस, केतिल?"

"मी कुठे काय सांगतोय? मी आजोबांची आठवण काढतोय."

"तुझ्या बेटावर बसला असता तर?"

"माझ्या बेटावर कशाला बसेल?" केतिल उठत म्हणाला. "पण फ्रिदा, एकदा एकाला जागा मिळाली की दुसरे येतात. हा काही तुझ्या एकटीचा प्रश्न नाही. एवढंच बोलतो."

तो गेल्यावर फ्रिदाने दिवसभर घर घासलं. चूल, खिडक्या, एविंदुरच्या खुर्चीचे पायसुद्धा, त्याला उठवून. दुसऱ्या दिवशीही घासलं. तिसऱ्या दिवशी वारा पडला, समुद्र सपाट झाला. तिने कोठारातून रॉकेलचा पाच लिटरचा डबा काढला, चिंध्या घेतल्या, खिशात काडेपेटी टाकली आणि म्हणाली, "एविंदुर, होडी काढ."

एविंदुरने डब्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि होडी काढली.

गरुड आणि त्याची मादी, दोघंही तेव्हा कड्यावर नव्हते. एविंदुर होडीत थांबला आणि फ्रिदा डबा घेऊन वर चढली. एकसष्ट वर्षांच्या गुडघ्यांनी, हातात पाच लिटर, ओल्या शेवाळावरून. वाटेत तिने गरुडाला, कायद्याला, ह्याल्तीच्या दाढीला आणि थोर्गिल्सला, मेल्याबद्दल, नावं ठेवली. वर पोचली तेव्हा तिला धाप लागली होती.

घरटं तिच्या जेवणाच्या टेबलाएवढं होतं. फाटी, समुद्राने वाहून आणलेली लाकडं, शेवाळाच्या दोऱ्या, कुठल्यातरी जाळ्याचा निळा तुकडा. मधोमध वाटीसारखा खोलगट भाग, त्यात गेल्या वर्षीचं पिवळं गवत पसरलेलं. अंडी अजून नव्हती. चिंध्या भिजवायच्या, काडी ओढायची, झालं. पाच मिनिटांचं काम.

फ्रिदाने डबा खाली ठेवला. काडेपेटी काढून दगडावर ठेवली. आणि मग तिचा हात आपोआप त्या वाटीत गेला. अंगठा आणि दोन बोटांत गवत धरून तिने चुरगाळून पाहिलं, जसं ती दर वसंतात हजार वेळा बघायची.

"ओलं आहे," ती मोठ्याने म्हणाली. "असल्या गवतात कोणी अंडी घालतं का?"

मग तिने काडेपेटीकडे बघितलं. चाळीस वर्षं या बेटावर ती दुसऱ्यांच्या अंड्यांखाली बिछाने घालत आली होती. त्या हाताला आता काडी ओढायला सांगायचं, तर हात ऐकेना. तिला दया आली नव्हती. गरुड तिला अजूनही चोरच वाटत होता. नुसतं होईना. आणि होत नाही म्हणून तिला इतका संताप आला की तिने घरट्याला एक लाथ मारली. घरटं हललंही नाही, तिच्याच अंगठ्याला लागलं.

डबा उचलून ती लंगडत खाली आली. एविंदुरने तिच्या हातातून डबा घेतला, वजन बघितलं आणि होडीत ठेवला. काडेपेटी वर दगडावरच राहिली, हे तिच्या ध्यानात आलं नाही. आणि खाडीपलीकडून केतिल दुर्बिणीतून बघत होता, हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी गरुडाची मादी अंड्यावर बसली. मेमध्ये बदकं आली, आणि फ्रिदाने सांगितलं नसतानाही निम्मी दक्षिणेला सरकली. पडक्या झोपडीच्या आत, भिंतीच्या कडेला, जिथे माणसाची ये-जा होती तिथे खेटून खेटून बसली. उरलेली उत्तरेलाच राहिली आणि गरुडाचा नर रोज एखादी उचलून न्यायचा, फ्रिदाच्या डोळ्यांदेखत, घाई न करता. ती खालून ओरडायची. तो वळूनही बघायचा नाही.

जून संपला. पिल्लू बाहेर यायची वेळ कधीच होऊन गेली होती, तरी मादी बसलेलीच. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती उठून गेली ती परत आली नाही. ह्याल्ती आला, वर चढला, आणि खाली आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याच्या एका हातात लाकडी पेटीत ठेवलेलं एक थंड अंडं होतं. दुसऱ्या हातात पावसाने फुगलेली काडेपेटी.

फ्रिदाने त्याला स्वयंपाकघरात बसवलं. कॉफी दिली. आणि सगळं सांगितलं. डबा, चिंध्या, लाथ, सगळं.

"म्हणजे तू जाळायला गेली होतीस," ह्याल्ती हळूच म्हणाला.

"हो."

"पण जाळलं नाहीस."

"जाळलं असतं तर अंडं कुठून आलं असतं? एप्रिलच्या सुरुवातीला गेले होते मी. अंडं नंतर घातलं तिने."

"नंतर परत गेली नव्हतीस?"

"ह्याल्ती, माझे गुडघे बघितलेस का तू?"

त्याने वहीत बरंच काही लिहिलं. त्याचा विश्वास बसला की नाही, ते कळलं नाही. खात्यातून तिला कडक ताकीद देणारं पत्र आलं. ते तिला मान्य होतं, ती गेली होतीच. पण ऑक्टोबरमध्ये आणखी एक पत्र आलं. अंडं तपासलं होतं, ते मुळातच फळलेलं नव्हतं. मादी कोवळी होती, पहिल्या वर्षी असं होतं. कोणाच्या हाताचा दोष नाही.

फ्रिदा ते पत्र पर्समध्ये घालून रविवारी चर्चला गेली. चर्चनंतर कॉफीला सगळे जमले, तेव्हा केतिल तिच्या कानाशी येऊन पुटपुटला, "शाबास. सगळ्यांच्या वतीने सांगतो."

"मी काही केलं नाही. हे पत्र वाच."

केतिलने वाचलं, परत घडी घातली आणि डोळा मारला. "वा. खात्याच्या माणसालाही गुंडाळलंस."

"अरे, अंडंच फळलं नव्हतं!"

"नव्हतंच ना. कोण म्हणतंय फळलं होतं?"

तिथून पुढे असंच. दुकानात कोणी तिच्या दंडाला हात लावून हसायचं. पोस्टातली बाई, जिला पक्षी आवडायचे, तिच्याशी बोलेनाशी झाली. जी माणसं चांगलं केलंस म्हणत होती आणि जी वाईट केलंस म्हणत होती, त्या दोघांचंही एकमत होतं की तिने केलं. राग्नाने सुद्धा फोनवर विचारलं, "आई, मला खरं सांग. मी कोणाला सांगणार नाही." फ्रिदाने फोन ठेवून दिला.

"एवढा बदलौकिक फुकट," ती एविंदुरला म्हणाली. "जाळलं असतं तर निदान बदकं तरी वाचली असती." एविंदुरने तपकिरीची चिमूट ओढली.

पुढच्या मार्चला गरुड परत आले. त्याच कड्यावर, त्याच घरट्यात. फ्रिदाने खिडकीतून बघितलं आणि ती टेबलावर मूठ आपटून म्हणाली, "या वर्षी यांना पिल्लू झालंच पाहिजे. मग बघते कोण काय बोलतंय."

तेव्हापासून एविंदुरची खुर्ची तिची झाली. मेंढ्या व्यायल्या, त्या एविंदुरने बघितल्या. फ्रिदा दुर्बीण घेऊन बसायची आणि गरुडांवर चिडायची. मादी उठून फिरायला गेली की, "बस ना बाई, गार होईल!" नर काठी घेऊन आला की, "आता कशाला काठ्या? खायला आण तिला." एप्रिलच्या मध्यावर एका दुपारी तिला केतिलची होडी स्वार्तेच्या रोखाने जाताना दिसली, त्यात केतिल आणि त्याचा मेहुणा. तिने डोक्याला रुमालही बांधला नाही. एविंदुरने होडी पाण्यात घातली आणि बेटाच्या अलीकडे, जिथे प्रवाह अरुंद होतो, तिथे त्यांना गाठलं.

"कुठे निघालात?" फ्रिदा ओरडली.

"लाकडं गोळा करायला," केतिल म्हणाला.

"माझ्या बेटावरची?"

"अगं, तुझ्यासाठीच. गेल्या वर्षी तू एकटीने सगळं केलंस. दर वर्षी तूच का हात काळे करायचे? शेजारी कशाला असतात?"

फ्रिदा होडीत उभी राहिली. होडी डुलली, एविंदुरने तिच्या स्वेटरचं टोक धरून ठेवलं.

"केतिल, नीट ऐक. मी गेल्या वर्षी काही केलं नाही. आणि या वर्षी त्या पक्ष्याला पिल्लू झालं नाही ना, तर मी स्वतः पोलिसांकडे जाऊन सांगेन की केतिलने केलं. शपथेवर सांगेन. मला नुसती खोटी खोटी बदनामी मिळालीच आहे, तर एकदा खरोखर खोटं बोलून बघते."

"तू त्या गरुडाच्या बाजूने?" केतिलला खरंच कळेना.

"मी कोणाच्या बाजूने नाही! मला फक्त एकदा माझं खरं ठरायला हवंय. होडी वळव."

मेहुणा हसू लागला. केतिलने होडी वळवली.

जूनमध्ये पिल्लू झालं. जुलैत ह्याल्ती दोघा माणसांना घेऊन आला, पिल्लाच्या पायात कडं घातलं आणि फ्रिदाला वर बोलावलं. ती गेली. पिल्लू राखी, केसाळ, तळहाताएवढ्या पायांचं, आणि घरट्याभोवती आयडर बदकांचे पंख पडलेले. तिने मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली.

"सुंदर आहे ना?" ह्याल्ती म्हणाला.

"दिसायला केतिलच्या आजोबांसारखं आहे," फ्रिदा म्हणाली. पण तिने ह्याल्तीकडून पिल्लाचा फोटो मागून घेतला, पुरावा म्हणून.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, बंदी उठल्यावर, ती आणि एविंदुर लवेची शेवटची पोती आणायला बेटावर गेले होते. तेवढ्यात पिल्लाने कड्यावरून उडी घेतली. आता ते आईएवढं झालं होतं. थोडा वेळ छान तरंगलं, मग वाऱ्याने त्याला तिरकं केलं आणि ते थेट समुद्रात पडलं. पंखांनी पाणी वल्हवत ते पुढे सरकायचं, लाट त्याला मागे आणायची. त्याचे आईबाप वरून ओरडत होते आणि दुसरं काही करत नव्हते.

"अरे देवा," फ्रिदा म्हणाली. "बुडतंय. एवढं सगळं करून आता बुडतंय!"

एविंदुरने होडी जवळ नेली. फ्रिदाने वल्हं पुढे केलं. पिल्लाने ते पकडलं, मग सोडलं, आणि तिचा डावा हात पकडला. एक नख तळहाताच्या आरपार गेलं. तिने त्याला तसंच ओढून होडीत घेतलं, वर आपला कोट टाकला आणि किनारा येईपर्यंत जितक्या शिव्या आठवल्या तितक्या दिल्या. दक्षिण टोकाच्या वाळूत त्यांनी त्याला सोडलं. ते भिजलेल्या गोणीसारखं दोन तास बसून राहिलं, पंख वाळवले आणि उडून गेलं. फ्रिदाच्या हाताला आरोग्य केंद्रात अकरा टाके पडले.

नर्सने विचारलं, "कशाने झालं?"

"गरुडाने."

नर्सने वहीत तसं लिहिलं, आणि संध्याकाळपर्यंत खाडीच्या दोन्ही काठांवर बातमी पोचली होती की गरुडाने फ्रिदावर सूड उगवला.

ऑक्टोबरमध्ये आयडरवाल्यांची वार्षिक सभा भरली. समाजमंदिरात साठ माणसं, लांब टेबलं, मलईचे केक. फ्रिदाच्या लवेची पोती त्या वर्षी निम्मीच भरली होती. तिने तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. केतिल भाषणाला उभा राहिला. लव, तिचा भाव, अंडी पळवणारे मिंक प्राणी यांवर बोलून झाल्यावर तो म्हणाला, "आणि आमच्या फ्रिदाचा हात आता बरा आहे, ही आनंदाची बातमी. गरुडाची स्मरणशक्ती दांडगी असते म्हणतात." सगळे हसले. फ्रिदा ओठ आवळून बसली. भांडायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

मागे एक खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. एविंदुर उभा होता. तीस वर्षं तो त्या सभेला येत होता आणि त्याने केक मागण्यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं. साठ माणसं मागे वळून बघू लागली.

"होडीत मी होतो," एविंदुर म्हणाला. "डबा भरलेला गेला. भरलेलाच आला. मी उचलून बघितला." तो थांबला. आणखी काही शब्द आहेत का, ते शोधत असल्यासारखा. "पिल्लू तिने पाण्यातून काढलं. तेव्हाही मी होतो."

आणि तो खाली बसला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. केतिल लाल झाला, त्याने कागद उलटसुलट केले आणि पुढचा विषय घेतला. पोस्टातली बाई उठली, केकचा एक मोठा तुकडा बशीत घालून फ्रिदासमोर ठेवून गेली.

सभा संपली, दोघं गाडीत बसले. एविंदुरने इंजिन चालू केलं तशी ती त्याच्याकडे वळली.

"एक वर्ष! अख्खं वर्ष मी लोकांच्या तोंडाला तोंड देतेय. पत्रं दाखवतेय, शपथा घेतेय. तू हे एवढं, हे चार शब्द, गेल्या ऑक्टोबरला बोलला असतास तर?"

"मला कोणी विचारलं नाही," एविंदुर म्हणाला.

फ्रिदाने डोळे मिटले, डोकं मागे टेकवलं आणि एक लांब श्वास सोडला. "दिवे लाव," ती म्हणाली. "आणि हळू चालव. रस्त्यावर मेंढ्या आहेत."